दहावरचा ब्रेक

बाप गेल्यावर महिन्याभराने लेक त्याची गळाची काठी घेऊन एकटीच तळ्यावर गेली. त्याच्या रिळाला दोरी भसकन सुटून गुंतू नये म्हणून ब्रेक होता, पण ब्रेकची आकड्यांची चकती कायम शून्यावर. "ब्रेक नवशिक्यांना! देवाने अंगठा काय शोभेला दिलाय?" म्हणत, फिरत्या रिळावर अंगठा हलकेच टेकवून तो गळ थेट पलीकडच्या लव्हाळ्यात टाकायचा. तिच्या स्वतःच्या काठीवर मात्र दोरीचा हमखास गुंता व्हायचा. तो सोडवताना बाप तिची यथेच्छ टर उडवायचा. गेल्या उन्हाळ्यात मात्र तो गुंत्याला हात लावेना. "तुझं तूच निस्तर," म्हणायचा.

आजही गुंता होणार हे धरूनच तिने सगळा जोर लावून गळ फेकला. गुंता झाला नाही. गळ चार हातांवर डुबकन पडला.

तिने रीळ उलटं करून पाहिलं. चकती दहावर होती, पार शेवटपर्यंत आवळलेली. म्हणजे अंगठा ऐकेनासा झाल्यावर तो इथे एकटाच येऊन, एकेक आकडा वाढवत, फेकून बघत होता.

अख्खा उन्हाळा तो तिला म्हणत होता, "आज तू टाक, मी बघतो."

आणि ती हसून म्हणाली होती, "बाबा, आळशी झालात हं!"