उजवीकडचा व्हॉल्व्ह

"अप्पा, आई ऐकू येती का आता?" दानेश्वरीनं पुण्याहून फोनवर पुन्हा विचारलं, आणि महेश्वरनं पुन्हा खोटं सांगितलं, "येती की. लई छान येती."

तीन महिने हे असंच चाललं होतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. शरणम्माला फोटोचा कंटाळा आणि फोनचा तिटकारा, त्यामुळे मागं फारसं काही उरलं नव्हतं. उन्हाळ्यात घर आवरायला आलेल्या लेकीला कपाटात आपला कॉलेजच्या दिवसांतला छोटा रेकॉर्डर सापडला, आणि त्यात एका श्रावणी सोमवारचं भजन निघालं. गल्लीतल्या सात-आठ बायका याच खोलीत गोल बसून कानडी वचनं, म्हणजे शिवाची जुनी पदं, म्हणत होत्या आणि रेकॉर्डर मधोमध ठेवलेला होता. त्याला दोन माइक होते, एक डावीकडं, एक उजवीकडं. शरणम्मा उजव्या अंगाला बसली होती. तिचा आवाज साऱ्या जगात एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक होता.

"मोबाइलवर लावलं तर नुसता गलका होतो," दानेश्वरी म्हणाली होती. "चांगल्या हेडफोनवर ऐका. आई उजव्या कानात येती, अगदी शेजारी बसल्यासारखी."

तिनंच हेडफोन धाडला आणि त्याच्या जोडीला एक स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर. तळहाताएवढा डबा, वर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह, डाव्या कानाचा एक आणि उजव्या कानाचा एक. चालू केला की व्हॉल्व्हच्या पोटात निखाऱ्यासारखी तार तापायची आणि मिनिटभरानं आवाज यायचा. डावीकडच्या बायका खणखणीत ऐकू यायच्या. टाळ, खोकला, कुणाच्या तरी बांगड्या, सगळं. उजवीकडं मात्र भिंतीपलीकडं कुणी बोलावं तशी कुजबुज. तिच्यात शरणम्मा होती, पण किती म्हटलं तरी बाहेर येत नव्हती.

आता हा माणूस काही साधा नव्हता. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यानं पस्तीस वर्षं जॉबरचं काम केलं होतं. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग बिघडला की विणकर हात जोडून त्याच्याकडं यायचे. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मागाच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ उजव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "दोन नंबरचं गेलं." ते दोन नंबरचंच गेलेलं असायचं. मालक पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडं मशिनी परदेशी हायत, पण कान महेश्वरअण्णाचा हाय. असा माणूस बिघाड कुठं शोधणार? मशीनमध्येच. त्यानं ठरवून टाकलं की उजवीकडचा व्हॉल्व्ह सुमार आहे.

जुन्या बाजारात धोंडीरामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून तग धरून होतं. धोंडीराम सत्तरीचा, बोलायला तिखट, पण व्हॉल्व्हच्या बाबतीत त्याच्यासारखा जाणकार सोलापुरात दुसरा नाही. त्यानं डबा उलटासुलटा करून पाहिला आणि नाक मुरडलं.

"डबा काय वाईट न्हाय. कंपनीनं व्हॉल्व्ह मात्र कसले तरी बसवल्यात. हे जुने रशियन घेऊन जावा, मग बघा गंमत."

गंमत झालीही. रशियन जोडी लावल्यावर डावीकडच्या बायकांच्या आवाजावर साय धरली. टाळ कानाला टोचेनासे झाले, एकीचा श्वास घेतलेला कळायला लागला. उजवीकडं जैसे थे. पंधरा दिवसांनी तो दुसरी जोडी घेऊन आला, मग तिसरी. दर खेपेला घरी येऊन हात धुवायचा, जुने व्हॉल्व्ह गार होईपर्यंत थांबायचा, नवे रुमालानं धरून हळूच दाबून बसवायचा, आणि तार तापेपर्यंत खुर्चीत ताठ बसून राहायचा. नवी नवरी पाहायला बसल्यासारखं मनात काहीतरी हलायचं. मग बायकांचं भजन सुरू व्हायचं आणि तो एकटा पडायचा. एकटा तो एरवीही होताच. पण सात-आठ बायका गातायत आणि आपलीच तेवढी त्यात नाही, हे एकटेपण घरातल्या शांततेपेक्षा वाईट होतं.

चौथ्या खेपेला धोंडीराम वैतागला. "अण्णा, डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडं लावून बघितला का? दोष व्हॉल्व्हचा असंल तर त्येच्यासंगट हिकडनं तिकडं जाईल की."

"बघितलं की," महेश्वर म्हणाला.

बघितलं नव्हतं. आणि गंमत अशी की हा नियम त्यानं स्वतः कारखान्यातल्या दोन पिढ्यांना शिकवला होता. नवा भाग आणायच्या आधी शेजारच्या मागाचा काढून लावा, दोष त्याच्यामागं गेला तर भाग खराब, नाही गेला तर पुढं शोधा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण कोरडा पाषाणसुद्धा उगाच कोरडा नसतो. माणसाला एखादी गोष्ट पाहायची नसली की त्याचे हात तेवढं एक काम बरोबर टाळतात.

त्या रविवारी दुपारी गल्ली चिडीचूप झाली होती. जेवण एका ताटाचं, ताट विसळून झालं होतं. दानेश्वरीचा फोन येऊन गेला होता आणि त्याचं खोटंही सांगून झालं होतं. लेकीशी खोटं बोलून त्याच्या तोंडाला कडू चव आली होती. तो उठला, डब्यापाशी बसला आणि डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडं, उजवीकडचा डावीकडं लावला.

डावीकडं खणखणीत. उजवीकडं कुजबुज.

म्हणजे व्हॉल्व्ह नाही. अजून डबा उरला होता, हेडफोन उरला होता, त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण पस्तीस वर्षांची सवय एकदा सुरू झाली की अर्ध्यात थांबत नाही. त्यानं हेडफोन डोक्यावरून काढला, उलटा फिरवला, उजवी वाटी डाव्या कानावर आणि डावी उजव्या कानावर बसवली, आणि भजन अगदी पहिल्यापासून लावलं.

आता खणखणीत बायका भिंतीपलीकडं गेल्या होत्या. बिघाड व्हॉल्व्हमध्ये नव्हता, डब्यात नव्हता, हेडफोनमध्येही नव्हता. ज्या कानाला त्यानं जन्मभर स्क्रूड्रायव्हरची मूठ लावली, तो कान मागांनी केव्हाच खाऊन टाकला होता.

हे त्याला पुरतं कळायच्या आत डाव्या कानाशी शरणम्मा हसली.

भजन सुरू व्हायला अवकाश होता. बायका जमत होत्या, कपबश्या वाजत होत्या. आजवर त्यानं हा भाग नुसता गोंगाट म्हणून ऐकला होता. आता त्यातली एक बाजू स्वच्छ कळत होती. शेजारच्या नागव्वानं हळू आवाजात कानडीत विचारलं, "काय गं, मघाशी चहाला तुझ्या नवऱ्याच्या उजवीकडून उठून डावीकडं जाऊन का बसलीस?"

"उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही," शरणम्मा म्हणाली. "डावीकडं बसलं की एकदा बोलून भागतं."

"मग सांग की त्यांना."

"कशाला? कारखान्यात त्यांच्या कानाचं केवढं नाव आहे. मी दोन पावलं फिरून बसले तर माझं काय झिजतं?"

मग टाळ वाजला आणि ती गायला लागली. इतर बायका त्याच्या मेलेल्या कानात बुडून गेल्या होत्या, त्यामुळे तिचाच आवाज सगळ्यांच्या पुढं येत होता, जाडसर, वरच्या सुराला किंचित चिरकणारा, अगदी शेजारी. महेश्वर रडला. आवाज मिळाल्याचा आनंद होता, तो खोटा नव्हता. जेवताना, एसटीत, लग्नाच्या मांडवात ती कशी वळसा घालून डाव्या हाताला यायची ते आता त्याला एकेक करून दिसत होतं. बायकोनं डाव्या अंगालाच बसायचं असतं, आमच्या शरणम्माला रीत कळते, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा, आणि ती ऐकून घ्यायची.

त्या ओघात दवाखानाही आला.

शेवटच्या दिवसाची सकाळ होती. तो तिच्या खाटेशी स्टुलावर बसला होता आणि ती त्याच्या उजव्या हाताला होती. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडं पाहिलं आणि बोटानं खूण केली, खाटेच्या पलीकडं ये. पलीकडं सलाईनचा स्टँड होता. तेव्हा त्याला वाटलं, हिला खिडकी दिसत नसेल, म्हणून त्यानं स्टूल थोडं मागं सरकवलं. तिनं पुन्हा खूण केली. मग हात खाली टाकला आणि तिथूनच, ओठ जेमतेम हलवत, काहीतरी बोलली. बरंच बोलली. त्यानं वाकून ऐकल्यासारखं केलं, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "व्हय, व्हय. करतो. तू काळजी करू नको." तिनं समाधानानं डोळे मिटले होते.

भजन संपलं. रेकॉर्डरमध्ये बायका उठायला लागल्या, कुणी चपला शोधायला लागलं. महेश्वर हेडफोन तसाच उलटा घालून बसून राहिला. आपण तिला काय करायचं कबूल केलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते सांगणारं आता कुणी नव्हतं, आणि दोन वर्षांत त्यानं ते केलेलंही नव्हतं.