पांढरी रेघ

चौकीवरच्या पाटीचा शेवटचा स्क्रू काही केल्या निघेना. चौकीप्रमुख स्टुलावर चढून त्याच्याशी झटापट करत होते आणि पाटी डोक्यात पडू नये म्हणून दोन शिपाई खाली हात वर करून उभे होते.

"राहू द्या की साहेब. उद्या सुतार येईलच," एक शिपाई म्हणाला.

"आपण लावली, आपणच काढू. त्या निळ्यांचा हात लागायला नको."

निळे म्हणजे नदीपलीकडचे शहर पोलीस. फार पूर्वी एका बंडानंतर कुणा गृहमंत्र्याला वाटलं होतं, की सगळ्या बंदुका एकाच खात्याच्या हाती असणं बरं नव्हे. म्हणून त्यानं मंत्रालयाखाली दोन दलं उभी केली. शहरात निळा गणवेश, खेड्यांत खाकी. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी, हा हेतू. पुढे मंत्री गेला, बंडही लोक विसरले, नजर ठेवणं तेवढं राहिलं. दोन्ही दलांच्या वायरलेसनाही एकमेकांचं ऐकू येत नसे. इथे तर मध्ये नदीच होती. पुलाच्या मधोमध पांढरी रेघ मारलेली, तिच्या अलीकडे खाकी, पलीकडे निळे. एकदा नेमका रेघेवर ट्रक उलटला. पुढची चाकं कुणाच्या हद्दीत आणि मागची कुणाच्या, यावर चौकीप्रमुखांनी पलीकडच्या एका मिशीवाल्या हवालदाराशी भर उन्हात असा वाद घातला, की शेवटी ड्रायव्हर आपला आपण चालत दवाखान्यात गेला. तेव्हापासून निळे त्यांना ‘हद्दसाहेब’ म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

आता नव्या कायद्यानं दोन्ही दलं एक झाली होती. आजपासून दोन्ही काठांना मिळून एकच ठाणं, आणि त्यावर प्रमुख म्हणून निळ्यांतल्याच एक बाई, वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. त्या आल्या की कोणत्या शब्दांत कोरडं स्वागत करायचं, हे चौकीप्रमुखांनी सकाळपासून घोकून ठेवलं होतं.

फोन वाजला. घरून बायको बोलत होती.

"अहो, आई तिकडे आल्यात का?"

"इकडे कशाला येईल? बागेत बसली असेल."

"बाग बघितली, शेजारीपाजारी विचारलं. फळवाला म्हणतो, पुलाकडे जाताना दिसल्या. पायात चप्पलसुद्धा नव्हती हो त्यांच्या."

चौकीप्रमुखांनी फोन ठेवला. अलीकडे आईला फार विसरायला होई. कधी कधी ती लेकालाच विचारी, "आपण कोण, साहेब?" पण रोज दुपारी बागेत जाई आणि चहाच्या वेळेला परत येई, म्हणून घरचे निर्धास्त होते. पुलाचा कठडा किती बुटका आहे, हे त्यांना आत्ता आठवलं. आणि पलीकडे शोध घ्यायचा तर आजवरची रीत म्हणजे आधी जिल्ह्याला लिहायचं, जिल्ह्यानं मंत्रालयाला, मंत्रालयानं शहराला. एका चोरीच्या सायकलीबद्दल उत्तर आलं, तोवर सायकलवाल्यानं मोटार घेतली होती.

ते धावतच बाहेर आले, तर नव्या बाई जीपमधून उतरत होत्या. घोकलेलं स्वागत तसंच राहून गेलं.

"मॅडम, माझी आई..." बाकीचं मागच्या शिपायानं घाईघाईनं सांगून टाकलं.

बाईंनी एवढंच विचारलं, "अंगावर काय आहे?"

"राखाडी शाल."

त्यांनी जीपमधला नवा वायरलेस उचलला. "दोन्ही काठांनी ऐका. एक वयस्कर आजी, राखाडी शाल, अनवाणी. पुलाच्या आसपास बघा."

यंत्र नुसतंच खरखरलं. मग एक ओशाळलेला आवाज आला.

"मॅडम, आजी इथंच आहेत, आपल्या शहरातल्या ठाण्यात. बटण लावतायत."

"काय लावतायत?"

"बटण, मॅडम. माझ्या शर्टाचं."

चौकीप्रमुख होते तिथेच पायरीवर बसले. कोंडलेला श्वास इतक्या जोरात सुटला, की शिपायाला वाटलं ते रडताहेत.

बाईंच्या जीपनं ते पलीकडच्या ठाण्यात पोचले. आई बाकावर बसली होती, मांडीवर निळा शर्ट, दातांत दोरा. पायात कुणाचे तरी मोठे बूट होते. समोर तोच मिशीवाला हवालदार बनियनवर उभा. ठाण्याला लागूनच सरकारी गणवेशाचा कारखाना होता. आईची सगळी हयात तिथे शिवणात गेली होती, सकाळी खाकी तर दुपारी निळे. आता त्याला कुलूप होतं.

"ही नेहमी येते इथे?" चौकीप्रमुखांनी विचारलं.

"कारखाना बंद दिसला की येतात. ‘आज काम नाही का?’ म्हणतात. मग देतो आम्ही काम." हवालदारानं मिशीवरून हात फिरवला. "वर्षभरात आमच्यात कुणाचं बटण तुटलेलं राहिलं नाही. हल्ली तर आम्हीच तोडून ठेवतो."

"आणि परत कशी येते?"

"मी सोडतो की. रेघेपर्यंत. पुढं तुमची हद्द. त्या उतार उतरून तुमच्या गल्लीत वळेपर्यंत तिथंच उभा राहतो."

"माझी आई आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"नाकावरून कळलं, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार?" हवालदाराच्या स्वरात टोमणा नव्हता. "तुम्ही आधी हद्द विचारली असती. मंत्रालयाचं उत्तर येईपर्यंत आजींना कुणी बसवून ठेवायचं?"

चौकीप्रमुखांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आलं ते हसूच. डोळे मात्र भरले होते. बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

आईनं मान वर करून लेकाकडे पाहिलं. "तुमचंही खालचं बटण सैल झालंय, साहेब. काढा शर्ट."

त्यांनी मुकाट्यानं खाकी शर्ट उतरवला आणि ते हवालदाराशेजारी बनियनवर बसून राहिले.

काम संपल्यावर आई जीपमध्ये बसायला तयार होईना, तेव्हा हवालदारासह तिघं चालतच निघाले. पुलाच्या मध्यावर, रेघेपाशी, आई थांबली. तिनं हवालदाराच्या दंडावर थोपटलं.

"जा रे बाळा आता. तुझी ड्युटी असेल."

हवालदारानं रेघेकडे पाहिलं, मग चौकीप्रमुखांकडे.

"चला की," चौकीप्रमुख म्हणाले. "पुढं रस्ता उखडलाय. दोघांनी धरलेलं बरं."

तिघं पुढे चालू लागले. थोडं गेल्यावर आई हवालदाराकडे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे साहेब कोण रे? चांगले वाटतात."

"आपल्यातलेच आहेत, आजी," हवालदार म्हणाला.