दहाच्या पुढचे गुण

मी उंदीर सांभाळतो. पांढरे, प्रयोगशाळेतले, गुलाबी कानांचे. सासूबाईंना मात्र त्यांच्यात आणि गटारातल्या उंदरांत काडीचाही फरक दिसायचा नाही. मी दारात पाऊल टाकलं की म्हणायच्या, "जावईबापू, आधी हात धुवा." धुतले की, "पुन्हा एकदा." एकोणीस वर्षं मी त्या घरात दोनदा हात धुतल्याशिवाय पाणी प्यायलो नाही.

आमच्या मॅडमचं संशोधन असं : उंदराच्या पोटात जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला धावतात. इथवर ठीक. पण त्या चवताळतात आणि जिथे जंतूंचा पत्ता नाही त्या फुप्फुसांत घुसून तिथलीच मोडतोड करतात. फुप्फुसांत पाणी साचतं, आणि उंदीर आपल्याच राखणदारांच्या हातून मरतो. मॅडमनी एकदा मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. मला नुसती गर्दी दिसली.

माझं काम गुण देण्याचं. दर दोन तासांनी पिंजऱ्यापाशी उभं राहायचं. केस पिंजारलेत? एक. पाठ वाकलीय? दोन. टकटक केलं तरी ढिम्म? तीन. श्वास मोजायला अंगठ्याने दाबायचं एक छोटं यंत्र मिळालंय, ते कायम माझ्या खिशात. शाळेत जास्त गुणवाला हुशार, आमच्याकडे जास्त गुणवाला मरणाच्या दारात. दहा झाले की त्याचे हाल थांबवायचे असा नियम आहे, म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. ते इंजेक्शनही मीच देतो.

त्या रविवारी सासूबाईंच्या घरी सगळे खुशीत होते. लघवीच्या जंतुसंसर्गाने त्या चार दिवस तापाने फणफणल्या होत्या आणि सकाळी अंग गार पडलं होतं. "ताप उतरला!" मेहुण्याने दारातच सांगितलं. त्या खुर्चीत पाठ वाकवून बसल्या होत्या, केस विस्कटलेले. मी हात न धुता त्यांच्या समोर जाऊन बसलो, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

 खिशातलं यंत्र काढलं, घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला चौतीस श्वास, नेहमीच्या दुप्पट.

"यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं," मी म्हणालो.

"भाऊजी, आई काय उंदीर आहे का?" मेहुणा हसला.

बायकोने डोळे वटारले. "अहो, चार दिवसांनी जरा स्वस्थ बसलीय. बसू द्या की!"

त्या घरात मी पहिल्यांदाच आवाज चढवला. काय बोललो ते आठवत नाही. मेहुणा म्हणतो, तुम्ही मला गाढव म्हणालात. असेलही, माझा सगळा संबंध प्राण्यांशीच.

तासाभरात सासूबाईंच्या घशात नळी आणि उशाशी श्वासाचं यंत्र. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू रक्तात गेलेत, त्यांच्यावर औषध चालू आहे. पण फुप्फुसांचं नुकसान त्यांच्या स्वतःच्याच पेशी करताहेत." मी मान डोलावली. बायकोला वाटलं, मला सगळं कळतंय. तिने माझी बाही घट्ट धरली. "अहो, आता पुढे काय होतं? तुम्ही तर रोज बघता."

तिथेच माझी पंचाईत झाली. मनातल्या मनात मी बेरीज केली होती. बारा. आणि दहाच्या पुढचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुणाला तिथवर जाऊच दिलं नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला. "ते आपलं नवं औषध आहे ना, ज्याने तिसऱ्या पिंजऱ्यातले सगळे वाचले..."

"ते उंदरांना लागू पडतं हो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच जातीची औषधं माणसांना देऊन झालीत. उपयोग नाही झाला."

सासूबाई उंदीर नाहीत याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

मग वाट बघणं आलं. त्यांना पालथं झोपवलं, यंत्र बेताबेताने हवा देत राहिलं. मी रजा टाकून काचेबाहेर बसलो. आत पडद्यावर श्वासांचे आकडे येतच होते, तरी माझा अंगठा थांबेना. नऊ दिवस. दहाव्या दिवशी नळी काढली. सासूबाईंनी डोळे उघडून मला पाहिलं आणि नाक मुरडलं. मी जिन्यात जाऊन ढसाढसा रडलो.

घरी आल्यावर दोन पावलं चाललं तरी त्यांना धाप लागायची, जीभ मात्र जागेवर होती. एका संध्याकाळी मी कामावरून थेट तिकडे गेलो. त्या खुर्चीत एकट्याच बसल्या होत्या.

"तुमच्या त्या गुणांचं लेकीने सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "दहाच्या पुढे गेला तर काय करता?"

"पुढे मोजत नाही."

 त्या म्हणाल्या, "मला किती होते?"

"आठ."

"खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुम्हाला!" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. डोळे भरले होते, त्यांचे की माझे कोण जाणे. मी सवयीने मोरीकडे वळलो.

"कुठे निघालात? बसा इथे. आधी माझे श्वास मोजा. हात मग धुवा."