गुरुसिद्धप्पांच्या दंडावरची सुई

माझा धाकटा भाऊ माणिकप्पा तिशीच्या आतच काळपट पडला, तेव्हा लोहाऱ्यात आमच्या घरी कुणालाच नवल वाटलं नाही. वडील आणि चुलते असेच काळवंडले होते. घराण्याचा रंग, असं आम्ही म्हणायचो. अशक्तपणासाठी वैद्यांचं लोहभस्म मीच त्याला मधातून चाटवत होते.

अणदूरच्या गुरुसिद्धप्पांची लेक शरणम्मा त्याला ठरली होती. गुरुसिद्धप्पा धान्याचे व्यापारी. एके दिवशी घोड्यावरून आले, पाणीही घेतलं नाही.

"गंगम्मा, लोकं महारोग म्हणत्यात. सोलापूरच्या डाक्टरनं न्हाय म्हटलं तरच अक्षता."

निजामाची हद्द ओलांडून आम्ही तिघं सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी माणिकप्पाच्या काळ्या कातडीला सुई टोचली. तो असा ओरडला की बाहेरची माणसं दारात जमली.

"महारोगाच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नाही," डॉक्टर हसले. "याला जरा जास्तच कळतंय."

मग त्यांनी पोट दाबलं, बोटांचे सांधे बघितले, वडिलांची चौकशी केली. शेवटी दंडात कसलंसं औषध टोचलं. थोड्या वेळात तिथं निळा ठिपका उमटला.

"अंगात लोखंड साठलंय. हे घराण्यातून येतं. लोहभस्म आजच बंद."

मी खाली मान घातली. गुरुसिद्धप्पा मात्र बाही वर सारून पुढं झाले.

"औषधच निळं असंल. मला बी टोचा."

"तुम्हाला कशाला?"

"नवा तराजू घेताना म्या आधी रिकामी पारडी बघतो, डाक्टरसाहेब."

डॉक्टरांनी टोचलं. गुरुसिद्धप्पा दंडावर नजर लावून बसले. थुंकी लावून चोळूनही बघितलं. निळं काही होईना.

"व्हय, खरं हाय," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "लेकरांना व्हईल का?"

"होऊ शकतं. बायकांना सहसा त्रास कमी. वेळच्या वेळी दाखवत राहा. रक्तात लोखंड असतं, म्हणून याचं थोडं थोडं रक्त काढून बघू."

परतताना वाटेत अणदूरला थांबून गुरुसिद्धप्पांनी सगळं शरणम्माच्या कानावर घातलं. काही लपवलं नाही.

"महारोग न्हाय ना? मग झालं," ती म्हणाली. "काळा तर म्या आधीच बघितला होता, अप्पा."

लग्न वैशाखात झालं. अक्षता पडल्यावर तिसऱ्या दिवशी गुरुसिद्धप्पा पुन्हा आमच्या दारात. बैलगाडी जुंपलेलीच होती. आमचा सगळ्यांत धाकटा भाऊ, गोरापान वीरप्पा ओसरीवर बसला होता.

"चल रे, सोलापूरला."

"मला काय झालंय, मामा?"

"काय न्हाय झालं, तवरच जायचं."