माल दाखवायला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर तीन मजले चढले, तेही सख्ख्या धाकट्या भावावर दावा ठोकायला. त्याच्या शिवणयंत्र दुरुस्तीच्या दुकानासाठी मी माझी सगळी शिल्लक दिली होती. परत मागितली की आज देतो, उद्या देतो. मग फोनच उचलेना. राग मलाही काही कमी नाही. निकाल माझ्या बाजूने लागला, पैसे मात्र तरीही आले नाहीत. म्हणून आता जप्ती.

माल दाखवायला दावा जिंकलेल्या बाजूच्या कुणालातरी कोर्टाच्या बेलिफाबरोबर जावं लागतं. मुलगा म्हणाला, "आई, वकिलांचा कारकून जाईल ना. तू कशाला?"

"कारकुनाला काय कळतंय कुठली वस्तू कुणाची!" मी म्हणाले.

खरं सांगायचं तर मला भावाला बघायचं होतं. साक्षीच्या वेळी तो मला सारखा 'वादी' म्हणत होता. "वादींनी पैसे दिले हे खरं आहे." ज्याला कडेवर घेऊन वाढवला, तो मला वादी म्हणतो! त्याच्या तोंडून एकदा 'ताई' ऐकायला मी आसुसले होते. जप्तीला कुणी ठेवणीतले कपडे घालून जातं का? मी गेले.

दुकानाच्या मागेच त्याची राहायची खोली. त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला. केस पार पिकलेत. बेलिफ जाडजूड, घामाघूम, पण कामात मुरलेला. अंथरूण-पांघरूण सोडायचं, स्वयंपाकाची भांडी सोडायची, पोटापाण्याची हत्यारं सोडायची. मग राहिलं काय? एक कपाट, टीव्ही, टेबल. मी बोट दाखवायचं आणि त्याने लिहायचं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. भाऊ एका यंत्राला तेल घालत बसला होता, आम्ही तिथे नाहीच असं समजून.

"आणि ती सायकल," बेलिफ पुटपुटला. "जुनी, एक."

कोपऱ्यात भिंतीला टेकून माझी सायकल उभी होती. लग्नाआधी मी तिच्यावरून कामाला जायचे. मागच्या कॅरिअरवर हा बसायचा, शाळा येईपर्यंत बडबड करत. मला वाटलं होतं, कधीच भंगारात गेली असेल.

"ती लिहू नका," भाऊ म्हणाला. "माझी नाही ती. ताईची आहे."

माझ्याकडे न बघता, बेलिफाला म्हणाला. पण म्हणाला. काहीतरी करायचं म्हणून मी पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. टणक. नुसत्या उभ्या सायकलचीही हवा उतरत राहते, अधूनमधून भरावी लागते. लहानपणी मीच त्याला हे शिकवलं होतं.

"बाई, तुमची असेल तर आत्ताच घेऊन जा," बेलिफ म्हणाला. "टेम्पो बाहेर उभाच आहे. मागाहून भानगड नको."

नेली, तर या घरात यायला मला काही निमित्तच उरत नव्हतं. माझी नाही म्हटलं, तर ती कपाटाबरोबर लिलावात.

"माझीच आहे," मी म्हणाले. "पण आज नाही नेत. येईन नंतर."

"कधी?"

बेलिफ तर खाली मान घालून लिहीत होता. तेलाची कुपी हातात धरून भाऊ माझ्याकडे बघत होता.