मागच्या अंगणाची वेळ

“उतरा आता खाली. भिंतीला डोळे लावून झाले, आता आभाळाला लावायचेत काय?” शिडीचा पाय एका हाताने धरून शहनाज म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात निवडायच्या तांदळाची ताटली होती.

गल्लीत उघडणाऱ्या मागच्या दाराच्या चौकटीवरचा कॅमेरा ताजुद्दीनने विहिरीकडे अर्धे बोट वळवला, खिशातला फोन काढून चित्र पाहिले आणि पुन्हा अर्धे बोट मागे वळवला. ज्याची एकोणतीस वर्षे दोह्यात एसी दुरुस्त करण्यात गेली, त्याला कोणतीही वस्तू आहे तशी असू देणे जमत नाही. दिघीच्या घरी परतून त्याला आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत त्या घराला उसंत मिळाली नव्हती. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू होई. भरली की स्वयंपाकघरातली एक डबी बाईच्या आवाजात, शुद्ध हिंदीत तशी वर्दी देई. दिवे फोनवरून लागत, पंखे फोनवरून थांबत. शहनाज मात्र अजूनही उठून भिंतीवरचे बटणच दाबी.

शिडीवर असतानाच फोन वाजला. दोह्याहून कैस बोलत होता. मूळचा श्रीवर्धनचा, ताजुद्दीनच्या हाताखाली शिकून आता फोरमन झालेला.

“सलाम चाचा. काय ठरवलंत? साहेब आज असरच्या नमाजापर्यंत नाव मागतायत. नवीन हॉटेल हाय, दोन वर्षांचं काम. वयाचं मी बघतो. तुमच्यासारका हात इथं मिळत न्हाय, चाचा.”

“असरच्या आत सांगतो.”

शहनाजने सारे ऐकले होते. ताटलीतला एक खडा वेचून तिने अंगणात टाकला आणि आत गेली. तुमच्यासारखा हात मिळत नाही, हे वाक्य ताजुद्दीनला या घरात एकदाही ऐकायला मिळाले नव्हते. ते तिच्या तोंडून यावे, एवढ्याचसाठी तर हा सारा खटाटोप चालला होता.

अकराच्या फेरीबोटीने आगरदांड्याहून दत्ताराम आला. दिघीच्या बौद्धवाडीत वाढलेला, ताजुद्दीनबरोबर एका बाकावर शिकलेला, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होऊन निवृत्त झालेला हा मित्र चार महिन्यांनी भेटत होता. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती.

“काय रे ताजू, हल्ली शिडीवरच ऱ्हातोस का? सलाम, भाभी!”

“या मास्तरभाय. बरी वाट सापडली!” आतून शहनाज म्हणाली.

“सांचीला गेलतो, भाभी. तिथनं नागपूर, मग पोराकडं पुन्याला. पाय ठरत न्हाय कुठं.”

“आनि गळ्यात हे काय? पोलिसात लागलास?” ताजुद्दीनने विचारले.

“पाखरं बघतो. थंडीत खाडीच्या चिखलात लांबलांबनं येतात. ओळखायची, नावं लिहायची.”

“पगार कोन देतो?”

“पाखरं,” दत्ताराम गंभीरपणे म्हणाला आणि मग दोघेही शाळकरी पोरांसारखे हसले.

पुढचा तासभर ताजुद्दीनने त्याला बसू दिले नाही. फाटकाची घंटा, जिन्यातला दिवा, पंपाची पेटी, सारे दाखवून तो त्याला मागच्या अंगणात घेऊन आला. ती विहीर त्याच्या आजोबांनी खणलेली. होळी सरली की किनाऱ्याजवळच्या इतर विहिरींचे पाणी मचूळ होई आणि त्यात डाळ शिजत नसे. हिचे मात्र गोडच राही. ज्या काळी दत्तारामच्या आईला गावातल्या दुसऱ्या विहिरींवर पाय ठेवता येत नव्हता, त्या काळीही हे मागचे दार उघडे होते. तेव्हापासून मोहल्ल्यातल्या आणि बौद्धवाडीतल्या बायका रोज सकाळी या अंगणात पाण्याला येत आल्या होत्या.

“हा बघ,” ताजुद्दीनने गल्लीकडच्या भिंतीपलीकडे हात केला. “भायेर नळ काढलाय. सकाळी सहा ते आठ आपोआप चालू. रहाट ओढायचा न्हाय, आत यायचं न्हाय, हंडा लावला की दोन मिनटांत काम झालं. दोर काढून फेकून दिला.”

“आनि हा कॅमेरा?”

“पान हललं तरी दाखवतो. ये, बघ.”

दत्तारामने चष्मा लावला. फोनच्या काचेवर सकाळचे साडेसहा वाजले होते. विहिरीच्या कठड्यावरून एक मांजर गेले. नारळाची एक झावळी पडली. मग शहनाज चहाचा पेला घेऊन बाहेर आली, मागच्या दाराकडे तोंड करून कठड्यावर बसली, बराच वेळ बसली आणि पेला तसाच घेऊन आत गेली. दत्तारामने बोटाने दिवस बदलला. पुन्हा मांजर, पुन्हा शहनाज. आणखी एक दिवस बदलला. त्याही दिवशी ती तिथेच, तशीच बसलेली होती.

ताजुद्दीनने ही चित्रे रोज तपासली होती. पण त्याची नजर चोराच्या शोधात होती. घरच्या माणसाकडे त्याने त्यांत पाहिलेच नव्हते.

“बाया कुठं गेल्या रे?” दत्तारामने हलकेच विचारले.

“भिंतीपलीकडं. नळावर.”

“आनि भाभी?”

ताजुद्दीनने फोन बंद करून खिशात टाकला.

जेवणे झाली. दत्ताराम हात धुवायला गेल्यावर ताजुद्दीनने ताटे उचलणाऱ्या शहनाजला विचारले, “सकाळी तिथं एकटी कशाला बसतेस?”

ती थांबली. “मग कोनासंगं बसू?”

“बोलली असतीस तर…”

“तुमी इचारलं कधी? नळ काढलात, मला फोनवर दावलात. कॅमेरा लावलात, तोबी फोनवर दावलात. त्याच्यासमोर कोन बाई केस सोडून बसंल?” तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो ऐकणे अवघड होते. “एकोनतीस वर्सं तुमी न्हवता. पन एक सकाळ मी एकटी न्हवते. आपली अक्सा झाली तवा वाडीतल्या सखूनं ह्याच अंगणात पानी तापवलं. तुमचे अब्बा गेले तवा ह्याच बाया चाळीस दिवस मला धरून बसल्या. आता तुमी आलात, आनि मी एकटी झाले.”

“मी तुमा बायांचे हाल वाचवायला केलं!”

“हाल हायत म्हनून कोन बोललं तुमाला?”

तीनच्या फेरीसाठी मित्राला पोचवायला ताजुद्दीन जेटीवर आला तेव्हा त्याच्या मनात नुसता धूर कोंडला होता. झाला प्रकार त्याने वाटेतच तुटक शब्दांत सांगून टाकला होता.

“जातो दोन वर्सं,” तो म्हणाला. “तिथं मानसं माझी वाट बघतात. इथं माझ्यावाचून कोनाचं काय अडलंय?”

दत्तारामने गळ्यातली दुर्बीण हातात घेतली. “मी रिटायर झालो ना, तवा सहा महिने रोज साडेदहाला शाळेच्या फाटकापत्तर जायचो. इस्त्रीचा सदरा घालून. एक दिवस शिपाई जवळ आला. म्हनला, गुरुजी, पोरं हसतात. तिथनं घरी आलो आनि ही दुर्बीण मागवली.”

“हे तू मला कधी सांगितलं न्हायस.”

“सांगन्यासारकं हाय काय त्यात?” फेरीचा भोंगा झाला. दत्ताराम फळीवर चढला आणि वळून म्हणाला, “जायचं तर जा, ताजू. पन रागानं जाऊ नको. रागानं गेलेला मानूस सामान इसरतो.”

फेरी निघून गेल्यावरही ताजुद्दीन जेटीवर उभा होता. शाळेच्या फाटकाशी उभा राहिलेला तो इस्त्रीचा सदरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. असरची अजान व्हायला थोडा अवकाश होता. त्याने फोन काढला.

“कैस, माझ्या जागी दुसरा बघ.”

“चाचा! घरी चांगलं काम मिळालं वाटतं?”

“न्हाय,” ताजुद्दीन म्हणाला. “काम न्हाय मिळालं.”

परतताना जेटीजवळच्या दुकानातून त्याने काथ्याचा जाड दोर घेतला. घरी येऊन कॅमेरा उतरवला, तारा गुंडाळल्या, चौकटीतली भोके मेणाने बुजवली. मग दोर रहाटावरून सोडून त्याने बादलीला गाठ मारली. नळाचा कॉक बंद करायला तो वळला तेव्हा मागून शहनाज म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तो. पावसात म्हाताऱ्या बायांना बरा पडंल.”

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. शहनाज विहिरीशी गेली, तिने बादली उचलून गाठ चाचपली आणि ती सोडली. दोराला दोन वेढे देऊन तिने स्वतःची गाठ मारली.

“तुमची चांगली होती,” ती म्हणाली. “पन ओल्या दोराला ही सुटत न्हाय.”

मग भिंतीशी जाऊन तिने गल्लीत हाक घातली, “सखू गो! उद्या आत या सगळ्याजनी!”

दुसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज उरकून ताजुद्दीन घरी आला आणि चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. साडेसहाला मागच्या दाराशी हंडे वाजले. पण दार लोटले गेले नाही. पलीकडून सखूचा आवाज आला, “भाभी, आत कोन बापया न्हाय ना?”

शहनाजने नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात हुकूम नव्हता आणि विनवणीही नव्हती. एकोणतीस वर्षे या अंगणात त्या वेळी पुरुष नव्हता. ती वेळ ज्यांची होती, त्या दाराबाहेर तिष्ठत होत्या. ताजुद्दीनने पेला खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि पुढच्या दाराने तो बाहेर पडला. पाठीमागे अंगणाचे दार उघडले, रहाट करकरला आणि पाच-सहा कंठ एकदम बोलू लागले. त्यांत शहनाजचा हसण्याचा आवाज होता. ती हसू लागली म्हणजे तिचा आवाज असा चढतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

कुठे जावे हे न ठरवताच तो खाडीच्या अंगाला उतरला. बांधाच्या दगडांवर मोहल्ल्यातले तिघे वयस्क पुरुष पाण्याकडे तोंड करून बसले होते. एकाने रियाधला मोटार चालवली होती, एकाने कुवेतला गवंडीकाम केले होते, तिसरा जहाजावर होता. आपल्यासारखेच परतलेले ते तिघे या वेळी घरी का नसतात, हे ताजुद्दीनला त्या क्षणी कळले. सलाम झाले. गवंड्याने शेजारच्या दगडावरची आपली छत्री उचलून मांडीवर घेतली.

ताजुद्दीन बसला. ओहोटीचे पाणी चिखलावरून मागे सरत होते. गुडघ्यावर ठेवलेल्या त्याच्या उजव्या हाताची बोटे अजूनही कसलासा स्क्रू सावकाश फिरवीत होती. गवंड्याने ते पाहिले आणि नजर पाण्याकडे वळवली.