साडेतेरा आटे

मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी गल्ल्यांना पाणी सोडणारा चावीवाला चौकातल्या तिसऱ्या व्हॉल्व्हवर वाकला, तो परत उठला नाही. लांब लोखंडी चावी खड्ड्यात तशीच उभी राहिली. त्या दिवशी खालच्या गल्लीला पाणी आलं. वरच्या तिन्ही गल्ल्या कोरड्या राहिल्या.

सहा वाजून पाच मिनिटांनी रुग्णवाहिका आली. तिच्यात त्याच्याजवळ बसले ते मास्तर. कोपऱ्यावरचं शिवणकामाचं दुकान त्यांचं, आणि गेली एकोणीस वर्षं ते आणि चावीवाला दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होते. घाईत मास्तरांनी शर्ट उलटा घातला होता. टेलरच्या अंगावर शिवणी बाहेर आलेला शर्ट गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला.

सरकारी रुग्णालयात मेंदूतला रक्तस्राव असं निदान झालं. अतिदक्षता विभागाच्या दारावर पाटी होती : रक्ताचे नातेवाईक किंवा जोडीदार, दुपारी चार ते पाच. सिस्टरनं फॉर्म पुढे ओढला.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"आम्ही एकत्र राहतो."

"रूममेट?"

"एकोणीस वर्षं झाली."

"एवढी तर आजकाल लग्नंसुद्धा टिकत नाहीत हो," सिस्टर म्हणाली. "मग काय लिहू?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. रांगेत त्यांची दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"रूममेट लिहा," ते म्हणाले.

रूममेटची सही ऑपरेशनला चालत नव्हती. मास्तरांनी जुन्या डायरीतून चावीवाल्याच्या थोरल्या भावाचा नंबर काढून दिला. याच भावानं एकोणीस वर्षांपूर्वी "तू आम्हाला मेलास" म्हणून दार लावलं होतं. पण वेळ जायला नको होता. भावानं फोनवर होकार दिला. ऑपरेशन झालं. चावीवाला शुद्धीवर आला नाही.

खरं तर जोडीदार म्हणून आत जायची वाट मास्तरांच्या मशीनच्या खणात पडून होती. गेल्या वर्षी कायदा बदलला होता. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांनाही जोडीदार म्हणून नोंदणी करता येऊ लागली होती. चावीवाल्यानं दुसऱ्याच आठवड्यात अर्ज आणला आणि आपली सही ठोकून मोकळा झाला. मास्तरांनीही सही केली. मग त्यांनी मागचं पान वाचलं. दोघांच्या नावांची नोटीस तीस दिवस वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लागणार होती. अख्खी गल्ली बिलं भरायला तिथेच जाई.

"शाळेच्या गणवेशांचा हंगाम होऊ दे," मास्तर म्हणाले होते.

"गणवेश दर वर्षी असतात," चावीवाला म्हणाला होता. "तुझ्या हातात कात्री, माझ्या हातात चावी. आपण दोघं काम सोडून बसलो तर गल्ली उघडी आणि तहानलेली राहील. कोणाला घाबरतोस?"

पण तो हट्टाला पेटला नाही. मास्तर तयार होईपर्यंत थांबणं ही त्याची जुनी सवय होती.

बुधवारी मास्तर तो अर्ज घेऊन विभागाच्या दाराशी उभे राहिले. सिस्टरनं दोन्ही सह्या पाहिल्या, मग मास्तरांकडे पाहिलं. या वेळी ती हसली नाही.

"मला कळतंय, मास्तर. पण शिक्का नाही ना."

चार वाजता मास्तरांच्याच इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी आल्या. त्यांनी थर्मास मास्तरांच्या हातात दिला, सुरक्षारक्षकाला "मी मावशी त्याची" असं सांगितलं आणि सरळ आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या.

"डोळे मिटलेत. हात ऊबदार आहे. मी सांगितलं त्याला, मास्तर बाहेर आहे म्हणून."

"मावशी, तुम्ही खोटं सांगून गेलात."

"खोटं कसलं? सगळ्या गल्लीची मावशी आहे मी. तूही सांग की, चुलतभाऊ आहे म्हणून. घर भाड्यानं घेताना सांगितलं होतंस ना?"

मास्तर दचकले.

"आम्हाला काय डोळे नव्हते?" मावशी थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या. "चहा घे. निवेल."

मास्तरांनी चहा घेतला. चुलतभाऊ म्हणून सांगायला मात्र ते उठले नाहीत. ते खोटं परत कधी बोलायचं नाही, एवढा एक शब्द त्यांनी अर्जावर सही करताना चावीवाल्याला दिला होता.

संध्याकाळी पाणी खात्याच्या अभियंत्याचा फोन आला. बदली माणसानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला होता. खालच्या गल्लीत नळ फुटला आणि वर थेंब नाही. रुग्णालयाची टाकीही पाइपाच्या वरच्याच फाट्यावर होती.

"तिसरा व्हॉल्व्ह किती आटे खोलायचा, हे कुठेच लिहिलेलं नाही हो. तुम्हाला माहीत आहे म्हणे."

मास्तरांना माहीत होतं. एकोणीस वर्षं दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पहाटे ते बॅटरी धरून त्याच्यामागे उभे राहत. पहिला पूर्ण, दुसरा सहा, तिसरा साडेतेरा. मग पाइपाला कान लावायचा आणि घरघर थांबली की सरळ व्हायचं. त्यांनी फोनवर समजावून पाहिलं. बदली माणसाला आट्यांचा हिशेब समजला, घरघर समजेना.

"तुम्हीच या ना पहाटे," अभियंता म्हणाला. "रुग्णालयात फरशी पुसायलाही पाणी उरलं नाहीये."

सिस्टरनंही तेच सांगितलं. "जाऊन या, मास्तर. तासाभराचा तर प्रश्न आहे. रात्रपाळीच्या सिस्टरला सांगून ठेवते, इथे काही झालं तर ती फोन करेल."

गुरुवारी पाच चाळीसला मास्तर तिसऱ्या व्हॉल्व्हवर वाकले. चावी दोन दिवस तिथेच होती आणि तिच्या मुठीला चावीवाल्यानं गुंडाळलेलं कापड होतं. ते मास्तरांच्याच दुकानातलं, गणवेशाचं निळं. त्यांनी साडेतेरा आटे खोलले आणि पाइपाला कान लावला. वरच्या खिडकीतून मावशी ओरडल्या, "आलं रे, आलं!"

साडेसातला ते रुग्णालयात परतले. सुरक्षारक्षकानं लांबूनच हात केला. "पाणी आलं बरं का, मास्तर! धो धो!"

दाराच्या काचेतून पाहिलं तर खाट रिकामी होती. नवी चादर अंथरलेली होती.

रात्रपाळीच्या सिस्टरचा फोन आला नव्हता, आणि ती सात वाजता घरी गेली होती. नव्या सिस्टरनं रजिस्टर उघडून वाचलं : "सहा वाजून चाळीस मिनिटांनी थोरल्या भावाने स्वतःच्या जबाबदारीवर हलवले."

"कुठे?"

"ते नातेवाईकांनाच सांगता येतं."

"शुद्धीवर होता?"

सिस्टरनं रजिस्टर मिटलं. "तेही."

मास्तरांनी भावाला फोन लावला. सोळाव्यांदा तो उचलला गेला.

"कोण बोलतंय?"

मास्तर बाकावरून उभे राहिले. आजूबाजूला गल्लीतली चार माणसं होती. "मी त्याचा जोडीदार बोलतोय," ते मोठ्यानं म्हणाले.

फोन कट झाला. त्यानंतर तो बंदच आहे.

दुपारी मास्तरांनी वॉर्ड कार्यालयात अर्ज दिला. कारकुनानं दोन्ही सह्या तपासल्या, शिक्का मारला आणि नोटीस फलकावर टाचली.

"तिसाव्या दिवशी दोघांनी हजर राहायचं."

"एकाला येता आलं नाही तर?"

"तर नोंदणी होत नाही. आणि मधे एकाचा मृत्यू झाला तर नोटीस रद्द."

"ते तुम्हाला कोण कळवतं?"

"नातेवाईक," कारकून म्हणाला.

गल्लीनं नोटीस वाचली. एका गिऱ्हाइकानं न शिवलेलं कापड परत नेलं. मावशींनी गरज नसताना चार पडदे शिवायला टाकले. बदली माणूस अजून आटे शिकतो आहे, म्हणून ते रोज पाच चाळीसला चौकात जातात. चावी त्यांच्याकडेच आहे. खात्यानं ती परत मागितलेली नाही.

दुकान बंद केल्यावर ते वॉर्ड कार्यालयापर्यंत चालत जाऊन येतात. आज अकरावा दिवस. संध्याकाळी साडेसहापर्यंत नोटीस फलकावर होती.